नव्या कापसाचा फिल्टर

१

धानोऱ्याच्या लाकूड डेपोतला मुखरू ड्रायव्हर गुरुवारी सागाच्या अकरा लठ्ठ्यांखाली मेला, आणि रविवारपर्यंत सगळ्या डेपोचं एकमत झालं की तो मोहाची पिऊन गाडी चालवत होता. एकमत होणं किती कठीण असतं ते गावकीच्या बैठकीला बसलेल्या कुणालाही विचारा. पण दोष मेलेल्याच्या माथी मारायचा असला की ते चुटकीसरशी होतं. चौकीतल्या लालसू जमादाराने तसा कागदही करून टाकला, कारण राजेश्वर ठेकेदाराने तसं सांगितलं होतं. ठेकेदाराने सांगितलेलं कागदावर उतरायला धानोऱ्यात वेळ लागत नसे.

ही गोष्ट सन छप्पनच्या पौषातली.

मुखरूचा थोरला भाऊ लटारू मिस्त्री मूल गावाहून आला तो हत्यारांची पेटी घेऊनच. लढाईच्या काळात त्याने सहा वर्षं लष्करी वर्कशॉपात इंजिनं खोलली होती. आईबाप गेल्यावर मुखरूला त्यानेच वाढवलं, त्यानेच स्टिअरिंगवर बसवलं. मोहाच्या नुसत्या वासाने मुखरूला मळमळायचं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? डेपोचं ते एकमत ऐकून लटारूच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गाडी जिथे कोसळली त्या नाल्यात तो थेट उतरला. ट्रक कुशीवर पडला होता. हँडल लावून त्याने अंगचं सगळं बळ ओतलं, पण इंजिन जागचं हललं नाही. खालचं तेलाचं भांडं सोडवलं तर बेअरिंगांवर ओरखडेच ओरखडे, आणि त्यांचा धातू वितळून चिकटलेला. म्हणजे तेलात कुणीतरी काही कडक घातलं आणि इंजिन भर चढावर आवळलं. ते बंद पडलं की ब्रेकचं निम्मं बळ जातं, आणि अकरा लठ्ठ्यांचं ओझं गाडीला मागे ओढत नेतं. यात दारू कुठे आली? लटारूने तेलाचा फिल्टर सोडवला, फडक्यात बांधला आणि मुखरूच्या झोपडीत आला.

झोपडीत बांबूच्या तट्ट्याआड मुखरूची बायको वच्छला होती. लटारू तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. भासऱ्याने भावसुनेचं तोंड पाहायचं नाही, तिने त्याच्याशी बोलायचं नाही, अशी त्यांच्याकडची रीत. लग्नाला सहा वर्षं झाली, पण दोघांत एका शब्दाची देवाणघेवाण झाली नव्हती. काही सांगायचंच असलं तर मधे शेळी होती. वच्छला आडून शेळीला सांगायची, लटारू शेळीला उत्तर द्यायचा, आणि शेळी निवांत रवंथ करायची.

लटारूने पेटीतून ऐरणीचा तुकडा काढला आणि त्यावर दोन रत्तली हातोडा ठेवला.

"शेळे, आयक," तो म्हणाला. "ज्याच्या हातानं माह्या भावाचं इंजन मारलं, ते हात मी ह्या हातोड्यानं मोडीन. त्याच्याबिगर मूलले जानार नाई."

आडून आवाज आला, रडून रडून घोगरा झालेला. "शेळे, त्याईले सांग, हात एकदम नोका मोडू. एकेक बोट मोडा म्हना." मग तीच पुन्हा म्हणाली, "अन् विचार त्याईले, ठेकेदाराची जीप धड हाय का अजून?"

या प्रश्नाचं लटारूला नवल वाटलं नाही. दोन वर्षांपूर्वी वच्छलेचा बाप इतवारी याच डेपोवर राखणदार होता. चार लठ्ठे चोरल्याच्या संशयावरून ठेकेदाराने त्याला वैशाखाच्या उन्हात दिवसभर लठ्ठ्याला बांधून ठेवलं. तिसऱ्या दिवशी तो गेला. कागदावर 'ऊन लागून मृत्यू' असं आलं. सगळ्या डेपोने ते बांधणं पाहिलं होतं आणि सगळा डेपो मूग गिळून बसला होता. त्या ठेकेदाराचं वाईट चिंतू नये तर कुणाचं चिंतावं!

२

सकाळी लटारूने डेपोच्या डोमा मिस्त्रीला गाठलं. डोमा मनाचा चांगला, पण सशासारखा भित्रा. त्याच्याकरवी लटारूने ठेकेदाराच्या जीपचा आणि दुसऱ्या ट्रकचा फिल्टर सोडवून घेतला. लष्करी मोडीत निघालेल्या गाड्यांची एक सोय होती. जीप काय नि ट्रक काय, फिल्टरचं डबडं एकाच मापाचं. सुपात जुनी वर्तमानपत्रं अंथरून त्याने तिन्ही फिल्टर शेजारी शेजारी उघडले.

फिल्टरची रीत सोपी आहे. इंजिनातलं मळकं तेल डबड्यात बाहेरच्या अंगाने शिरतं, कापसातून गाळून मधल्या नळीत उतरतं आणि परत इंजिनात जातं. मळ कापसाच्या बाहेरच्या थरात अडकतो. कापूस आखूड धाग्याचा असला किंवा सैल भरला, तर तेल वाट काढून तसंच निसटतं. म्हणून लष्करात कापूस तोलून घेत, लाकडी ठोकळ्याने दाबून भरत आणि पिशवीचं तोंड एका खास गाठीने आवळत. ती पद्धत लटारूने मुखरूला शिकवली, मुखरूने वच्छलेला, आणि डेपोतले सगळे फिल्टर भरायचं काम तिच्याकडे आलं.

जीपच्या फिल्टरात मात्र कापूस नव्हताच. पिवळसर, जाड, घड्याघड्यांचा कागद होता, नागपूरहून आलेला नव्या तऱ्हेचा. लटारूने तो उन्हासमोर धरून पाहिला, मनातल्या मनात दाद दिली आणि जीपला परत बसवायला डोमाकडे दिला. दुसऱ्या ट्रकचा फिल्टर जुन्या धोतराच्या पिशवीचा, आत सोड्याने धुतलेला राखाडी जुना कापूस. तो बाहेरून काळाकुट्ट आणि नळीपाशी बराच स्वच्छ होता, म्हणजे त्याने आपलं काम केलं होतं.

मग मुखरूचा. कोऱ्या मांजरपाटाची पिशवी, आत लांब धाग्याचा पांढराशुभ्र नवा कापूस. इतक्या निगुतीने भरलेला तिघांत दुसरा नव्हता. लटारूचे डोळे भरून आले. पोरीने नवऱ्याच्या गाडीसाठी हात आखडता घेतला नव्हता.

पण याची तऱ्हा उलटी होती. बाहेरचा थर जवळजवळ कोरा, म्हणजे फिल्टर दोन-तीन दिवसांपेक्षा जुना नव्हता. आणि आत, नळीच्या अंगाला, करकरीत पूड. इंजिनातली घाण असती तर ती बाहेर अडकली असती. ही पूड कुणीतरी हाताने आत ठेवली होती, गाळलेल्या तेलाबरोबर सरळ इंजिनात जाईल अशा जागी.

त्याने पूड पेट्रोलमध्ये धुतली, वाटीत बसू दिली आणि वाळवली. काचेवर घासली, काच खरवडली गेली. पण काच तर वाळूही खरवडते. म्हणून त्याने नाल्यातली पांढरी गारगोटी घेतली. गारगोटी आणि वाळू एकाच जातीच्या, त्यामुळे वाळू तिला सहसा ओरखडा काढत नाही. या पुडीने काढला.

"कुरुंद हाय," लटारू म्हणाला. "धार लावाची पूड. डेपोत कोनाजवळ असते, डोमा?"

डोमाने ओठांवरून जीभ फिरवली. "बिरजू आराकसाजवळ. त्याच्या करवतीले लागते. अन्..." त्याने इकडेतिकडे पाहिलं. "मागच्या बाजारी मुखरूचं अन् त्याचं मोठं भांडन झालं होतं, भाऊ."

३

बिरजू करवतीला धार देत बसला होता. लटारूने वाटी त्याच्यासमोर ठेवली. बिरजूने चिमूट बोटांत चोळली आणि नाकारायच्या भानगडीत पडला नाही.

"माहीच हाय. पन अर्ध्या डेपोत हे पूड सापडन तुमाले. बायका विळे-पावश्या घासाले मागून नेतात. मी कोनाले नाई म्हनत नाई."

"अन् भांडन काऊन झालं होतं?"

"मी त्याले म्हनलं, ज्यानं तुह्या सासऱ्याले मारलं त्याचीच गाडी चालवतोस, लाज नाई वाटत? त्यानं माही गचांडी धरली." बिरजू करवतीकडे पाहतच बोलत होता. "मले म्हने, तू तरी कोनता बोलला त्या दिवशी? ते खरंच होतं, भाऊ. आता तो मेला, अन् मले तेच आयकू येते."

इतकं कबूल करणारा माणूस पूड चारून मारत नाही, असं लटारूच्या मनाने घेतलं.

ठेकेदार जीपपाशीच भेटला. अंगावर कडक इस्त्रीचा कोट, तोंडात विडा. मुखरूचं नाव काढताच त्याने हात झटकला.

"दारुड्या होता तुमचा भाऊ. मी त्याचं इंजिन मोडीत द्यायला सांगितलंय, नसती उस्तवार हवी कशाला?"

"घाई काऊन?"

"अपशकुनी वस्तू दारात ठेवत नसतात, मिस्त्री." मग जीपच्या बॉनेटवर थाप मारून तो म्हणाला, "तुम्ही आमचे फिल्टर फाडत सुटलात म्हणे. कागदी पाहिलात का? मंगळवारी आला नागपूरहून, त्याच दिवशी बसवला. आता ते चिंध्या-कापसाचे लाड बंद."

लटारूच्या हाताला हातोड्याची आठवण झाली. हा माणूस ट्रकच्या इंजिनात पूड घालील? खुशाल घालील, मनाची लाज बाळगणाऱ्यांतला तो नव्हताच. पण स्वतःचा ट्रक आणि अकरा लठ्ठे नाल्यात घालून त्याला मिळणार काय? लटारू दात खात परतला.

दुपारी तट्ट्याखालून भाकरीची थाळी सरकली. आडून वच्छला म्हणाली, "शेळे, विचार त्याईले, ठेकेदार आज जीपनंच घाटात गेला का?"

"गेला," लटारूने शेळीला सांगितलं. "अन् धड वापसबी येईन. असल्याईले काई होत नाई."



उरला डोमा. ज्याने फिल्टर बसवला त्यालाच मधल्या नळीत पूड ओतणं सगळ्यात सोपं. जेवून उठल्याबरोबर लटारूने त्याला वर्कशॉपच्या कुडाला दाबून धरलं आणि हातोडा उगारला.

"डावा का उजवा? कोनत्या हातानं ओतली सांग."

डोमाने दोन्ही हात पाठीमागे लपवले. "मी फक्त लावला, भाऊ. नळीच्या भोकातून ओततो म्हनता, पन ते भोक सुईएवढं हाय. शिवन पाहा. तुमी चाकूनं कापाच्या आधी शिवन उसवली होती का?"

लटारूचा हात खाली आला. त्याने फिल्टर पुन्हा सुपात घेतला. पूड नळीच्या भोवती होती खरी, पण पातळ कापडाच्या पदरात गुंडाळून, कापसाच्या पहिल्या थराखाली दाबलेली. वरचा कापूस एकसारखा दाबलेला. त्याने जिथे चाकू चालवला ती जागा सोडली तर शिवण अखंड होती. पूड नंतर घातलेलीच नव्हती, फिल्टर भरतानाच घातली होती.

आणि पिशवीच्या तोंडाशी, पळसाच्या मुळीच्या दोरीने आवळलेली, लष्करी गाठ होती.

४

अशी गाठ मारणारी माणसं साऱ्या जगात किती असतील कोण जाणे. धानोऱ्यात तीन होती. एक गेला, एक स्वतः लटारू.

लटारूने डोकं धरलं. तिने? नवऱ्याच्या गाडीत? मुखरूचं जोडपं कसं होतं ते त्याने दुरून का होईना पाहिलं होतं. मुखरू घरी यायच्या वेळेला ही बाई नाक्यापर्यंत चालत जायची. आणि एकेक बोट मोडा म्हणणाऱ्या आवाजातला संताप खोटा नव्हता. नाटक शेळीला कळत नसेल, पण लटारूला कळलं असतं. सगळ्या डेपोची त्याने उलटतपासणी घेतली होती, फक्त घरातल्या माणसाला एक प्रश्न विचारला नव्हता. विचारायची रीतच नव्हती.

त्याने तिन्ही फिल्टर पुन्हा डोळ्यांसमोर आणले. राखाडी जुना कापूस, पांढरा नवा कापूस, पिवळा कागद. नवा कापूस पाहून आपले डोळे भरून आले होते हे आठवलं, आणि तिथेच त्याला ठेच लागली. वच्छलेने फिल्टर नवऱ्यासाठी भरला, हे त्याला सांगितलं कुणी?

"डोमा," त्याने विचारलं, "नवा कापूस अन् कोरा मांजरपाट कोनत्या गाडीच्या फिल्टराले देतात?"

डोमा जमिनीकडे पाहत राहिला. "जीपच्या. ट्रकाले धुतलेलाच. ठेकेदाराचा हुकूम हाय तसा."

"मग हा मुखरूच्या गाडीत कसा आला?"

"कोनाले सांगू नोका, भाऊ, ठेकेदार मले काढून टाकन. वच्छलाबाईनं जीपसाठी भरून पाठवला, अन् त्याच मंगळवारी कागदी आला. ठेकेदार म्हने, हा फेकून दे. मी फेकाले चाललो, तर मुखरू आडवा आला. म्हने, काऊन फेकतोस गा? माह्या बायकोच्या हातचा हाय, नवा कापूस हाय, माह्या गाडीले लाव." डोमाने फडक्याला हात पुसले. "मले वाटलं, चांगली चीज हाय, आपल्या मानसाले मिळू दे. लय खुश होता गा तो. म्हने, आता माही गाडी जीपवानी चालन."

आता सगळं जागच्या जागी आलं होतं. कुरुंद विळा घासायच्या निमित्ताने मागून आणलेला. फिल्टर जीपसाठी भरलेला. आणि तट्ट्याआडून दोनदा आलेला तो प्रश्न, जीप धड आहे का. ती बाई मंगळवारपासून जीप दरीत जायची वाट पाहत होती. आपला वार कुणावर पडला, हे तिला अजून ठाऊकच नव्हतं.

५

उन्हं उतरायच्या आत तो झोपडीत आला. ऐरण होती तिथेच होती, हातोडा त्याने परत तिच्याशेजारी ठेवला. शेळी खांबाला बांधलेली.

"शेळे," लटारू म्हणाला, "जीप धड हाय. मंगळवारपासून तिच्यात नागपूरचा कागदी फिल्टर हाय."

आडून सावकाश प्रश्न आला. "अन् मी भरलेला कुठी गेला?"

मधे शेळीचं नाव घ्यायला ती विसरली होती.

लटारूने फाडलेला फिल्टर, कोरा मांजरपाट आणि पांढरा कापूस, भाकरीची थाळी यायची त्या फटीतून आत सरकवला. तिने तो उचलल्याचं त्याला कळलं. एक हुंदकासुद्धा आला नाही, आणि तेच त्याला सोसवेना.

तट्टा बाजूला झाला. वच्छला बाहेर आली, डोक्यावर पदर नव्हता. सहा वर्षांत पहिल्यांदाच लटारूने आपल्या भावसुनेचं तोंड पाहिलं. ती ऐरणीसमोर बसली आणि उजवा हात तिने बोटं पसरून ऐरणीवर ठेवला.

"एकेक बोट म्हनलं होतं मी," ती म्हणाली. "करा सुरू, भाऊ."

त्याने हातोडा उचलला. खोटं कशाला सांगा, मारावंसं त्याला वाटलं. कालपासून तो याच घटकेसाठी जगला होता. त्या बोटांनी मुखरूला मारलं होतं. हातोडा किती वेळ वर राहिला, ते त्याला पुढे कधी सांगता आलं नाही.

"ठेकेदारासाठी भरला होता?" त्याने विचारलं.

"त्याच्याचसाठी. बापाले बांधला त्या दिवसापासून मी वाट पाहून राह्यली होती. वाटलं, घाटात इंजन अडकन, जीप दरीत जाईन, अन् लोक म्हनतीन दारू पेला होता."

"मुखरूले ठाऊक होतं?"

"त्याले सांगतलं असतं तर त्यानं भरू देल्ला असता का?" ती बोटांकडे पाहत होती. "तो त्याच मंगळवारी घरी येऊन म्हने, आज तुह्यासाठी एक गंमत हाय, बाजाराच्या दिवशी सांगीन. मी म्हनलं, सांग तवा. तो बाजार आलाच नाई."

लटारूने हातोडा खाली ठेवला, सावकाश, आवाज न करता.

"ती गाठ मीच शिकवली," तो म्हणाला. "अन् बोटं मोडून काय होईन? कागदावर माहा भाऊ दारुड्याच राहीन."

"कागदावर माह्या बापालेबी ऊनच लागलं हाय," वच्छला म्हणाली.

बाहेर लठ्ठे चढवणाऱ्या मजुरांची हाळी ऐकू येत होती. मग तिने मान वर केली. तिचे डोळे कोरडे होते, आणि त्यांतली आग विझलेली नव्हती. उलट तिला नवी वाट सापडल्यासारखी दिसली.

"भाऊ, मी कबुली देल्ली तर कागदावर कारन लिहा लागते का?"

"लागते. कारनाबिगर असा गुन्हा कोनी लिहत नाई."

"मग इतवारीले बांधला ते लिहा लागन."

"लागन. पन तुले फाशीबी होऊ शकते, बाई. जनमभर जेल तर होईनच."

"नाई गेली तर कोनासाठी राहू घरी? शेळीसाठी?" तिने ऐरणीवरचा हात काढून घेतला आणि पदर डोक्यावर घेतला. "दोन वर्षं मी त्याले माराची वाट शोधली. हे आधी सुचलं असतं तर मुखरू जिता असता."

६

सकाळी वच्छला पुढे आणि दहा पावलं मागे लटारू, अशी दोघं चौकीकडे निघाली. वाटेत लटारू दोन ठिकाणी थांबला.

डोमाच्या दारात तो म्हणाला, "मुखरूले चांगली चीज देल्ली तू. आता एक खरी गोष्ट दे. इतवारीले बांधताना तू तिथी होता." डोमाने एकदा डेपोकडे पाहिलं, पण त्याने चपला घातल्या.

बिरजूला सांगावंच लागलं नाही. तो करवत ठेवून उठला. "दोरी माही होती," एवढंच तो म्हणाला.

दोन माणसं निघाली की चार का निघतात, हे कुणी सांगावं? ज्या डेपोचं चुटकीसरशी एकमत झालं होतं, तोच आता एकमेकांकडे चोरून पाहत मागे चालू लागला. चौकीपर्यंत पंधरावीस जणं झाली. ठेकेदाराची जीप दारात उभीच होती, धडधाकट. ठेकेदार आत जमादारासमोर खुर्चीत बसला होता.

"हा काय तमाशा?" त्याने विचारलं.

वच्छलेने त्याच्याकडे पाहिलं. तिला तो मरायला हवा होता. दरीत, जीपखाली, तडफडत. त्याऐवजी तो विडा चघळत बसला होता आणि मरायचा तो तिच्या हातून भलताच मेला होता. पण विडा चघळता चघळता थांबलेलं त्याचं तोंड तिला दिसलं. दारात डोमा होता, बिरजू होता, त्यांच्यामागे बाकीचे होते, आणि या वेळी कुणी खाली पाहत नव्हतं.

"जमादार, मुखरू दारू पेला नव्हता," ती म्हणाली. "त्याचं इंजन मी मारलं. जीप समजून मारलं. काऊन मारलं तेबी सांगते. पन आधी माह्या बापाचं लिहा."

लालसू जमादाराने सवयीने ठेकेदाराकडे पाहिलं. मग त्याने दाराकडे पाहिलं. ठेकेदार काहीतरी बोलायला गेला आणि त्याला ठसका लागला.

लटारूने पेटी उघडली. फाडलेला पांढरा फिल्टर आणि कुरुंदाची वाटी जमादाराच्या टेबलावर ठेवली आणि तो भिंतीशी जाऊन उभा राहिला, भावसुनेकडे पाठ करून, रीतीप्रमाणे.

जमादाराने एक कोरा कागद ओढला आणि टाक दौतीत बुडवला.

"मरनाऱ्याचं नाव?"

"इतवारी," वच्छला म्हणाली. "वल्द सोमाजी. राहनार धानोरा."